मॉनिटरला झेंडूचा हार

मंगळवार, खंडेनवमी. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी प्रतिभाच्या मीटरवर सातशे दहा हा आकडा आला.

तिने बटण सोडलं, पाच मोजले, पुन्हा दाबलं. सातशे बारा. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता याच मशीनचा आकडा साठ होता. शंभराच्या वर गेलेलं मशीन ती दाराबाहेर जाऊ देत नसे.

साल २००५. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात चौदा माणसं होती, आणि ती मिळून मॉनिटर बनवत. पेशंटच्या छातीला तीन वायरी लावायच्या, की त्याच्या हृदयाचे ठोके हिरव्या रेषेत पडद्यावर उमटतात, ते मशीन. चौदांपैकी तेरा जण बनवत आणि चौदावी प्रतिभा तपासत असे. तेहतीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी चहाच्या आधी तिची नजर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे जाते, असं कारखान्यात म्हणत. ते खोटं नव्हतं.

सातशे दहा म्हणजे काय, हे कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण दोन महिने दुसरा विषयच नव्हता. भिंतीतली वीज मशीनला सोसेल अशी करून देणारा एक भाग आत असतो, पॉवर सप्लाय. कारखान्यात त्याला नुसतं ‘डबा’ म्हणत. कुठलाही डबा थोडी वीज गळू देतोच. ती गळती मशीनच्या पत्र्यावर येते आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाते. प्रतिभा ती तार मुद्दाम काढून मोजत असे. हे अति आहे, असं मालकांचं म्हणणं. पण तिने जिल्ह्यातली सहा हॉस्पिटलं स्वतः फिरून पाहिली होती. दोन ठिकाणी अर्थिंगची तार भिंतीत शिरत होती आणि भिंतीतच संपत होती. एका ठिकाणी प्लगची तिसरी जाड पिन करवतीने साफ कापलेली होती, कारण बोर्ड जुना, दोन भोकांचा.

मालक महेशराव निफाडकडचे. घरची द्राक्षं सोडून कारखान्यात पडलेले, स्वभावाने दिलदार आणि घाईचे. त्यांना मुंबईचा डबा हवा होता. कॉम्प्युटरला लागतो तोच, निम्म्या किमतीचा आणि सांगाल तेव्हा हजर.

‘‘लाखो ऑफिसांत चालतो हो, मॅडम,’’ ते म्हणाले होते. ‘‘एक तरी कारकून गेला का?’’

‘‘कारकून छातीला वायरी लावून बसत नाही, सर,’’ प्रतिभा म्हणाली होती. ‘‘आणि चटका बसला तर तो हात मागे घेतो. बेशुद्ध माणूस कुठे घेणार?’’

मुंबईच्या डब्याची गळती तीनशे चाळीस. हॉस्पिटलच्या मशीनसाठीच बनवलेला बंगलोरचा डबा साठ. शेवटी महेशरावांनी हात टेकले, पण चौदा जणांसमोर अट घातली. पहिलं मशीन पिंपळगाव बसवंतच्या नव्या हॉस्पिटलला जाईल. त्याचं उद्घाटन दसऱ्याला. त्या मशीनमध्ये बंगलोरचा डबा. तो पास झाला तर उरलेल्या अकरा मशीनांतही तोच. कुठेही अडला, तर मुंबईचा, आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही.

आणि आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पाचला टेम्पो येणार असताना, सातशे दहा.

महेशराव पूजा आटोपून कपाळावर कुंकू आणि हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन आले. मीटरकडे वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा सणासारखा उजळला.

‘‘आमचा मुंबईचा किती होता हो, मॅडम?’’

‘‘तीनशे चाळीस.’’

‘‘मग यात तर आमचे दोन बसतात.’’

‘‘तुमचाही नापासच होता, सर.’’

‘‘होता. पण कमी नापास.’’ त्यांनी खोबरं तोंडात टाकलं. ‘‘कपाटात आहे बरं का. बदलायला दीड तास. घाई नाही.’’

जोडणीच्या टेबलावरून मालनबाई आल्या. त्या कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. मालकांच्या आधी कारखाना उघडणाऱ्या आणि दर खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा मांडणाऱ्या. त्यांचं निदान तयार होतं.

‘‘प्रतिभाताई, आज हत्यारांना सुट्टी असती. मीटरला कुंकू लावून तास झाला नाही तोवर तुम्ही त्याला कामाला जुंपलं. रागावलंय ते. खरं कशाला सांगेल?’’

‘‘मीटर रागावत नाही, मावशी.’’

‘‘तुमच्या हाताखाली असतं म्हणून दाखवत नसेल.’’

सगळे हसले. प्रतिभा हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने आधी मीटरच तपासलं. ठरलेला रोध, म्हणजे रेझिस्टर, जोडला, ठरलेला आकडा आला. म्हणजे मीटर बरोबर. वायर बदलली. सातशे नऊ. मशीनचं झाकण उघडलं. बंगलोरचा डबा आत कोरडा, गार, जागच्या जागी. काल साठ, आज सातशे. मग कालपासून आजपर्यंत बदललं काय?

ती मशीनभोवती फिरली. पुढच्या काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. त्याने काही होत नाही, काच ती काच. वरच्या मुठीला झेंडूचा हार. हाराचं एक टोक मागे लोंबत होतं, आणि ते घसरू नये म्हणून कुणीतरी नीटनेटकेपणाने प्लग आणि सॉकेटच्या मधल्या फटीत खोचून ठेवलं होतं. दोरा भिजलेला. त्यातून पाणी ठिबकून पत्र्यावर आलं होतं.

तिने हार उचलला, फट फडक्याने पुसली, पंखा लावून अर्धा तास थांबली. एकसष्ट. हार परत तसाच खोचला. सहाशे अठ्ठ्याण्णव.

‘‘हार कुणी खोचला?’’ तिने विचारलं.

‘‘मी,’’ मालनबाई म्हणाल्या. ‘‘घसरत होता. देवाचं काम, लोंबतं कसं ठेवायचं?’’

‘‘आणि एवढा ओला कुणी केला?’’

मालनबाईंनी पदर सावरला. मग त्यांनी शेडमध्ये सगळीकडे नजर फिरवली, जणू सगळ्यांनी नीट ऐकावं.

‘‘तुम्हीच की. पहाटे मखमलाबादहून बारदानात घेऊन आलात. तुमच्या वडलांच्या मळ्यातला माल. आल्या आल्या बादलीत बुचकळलात, वर मला म्हणालात, ‘मावशी, निथळू नका, सुकतील.’ मी निथळले नाही.’’

यावर मात्र सगळी शेड हसली. प्रतिभाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने तपासणीच्या कागदावर ‘कारण’ या रकान्यात लिहिलं: ओला हार, तपासणाऱ्याने आणलेला. महेशराव तिच्या खांद्यावरून वाचत होते.

‘‘हे लिहिलंच पाहिजे का?’’

‘‘खरं आहे ते.’’

‘‘बरं. मग डबा पास?’’

‘‘डबा पास.’’

महेशरावांनी सुस्कारा टाकला, तो थोडा निराशेचा होता. ‘‘चला. टेम्पोला फोन करतो.’’

‘‘मशीन नापास,’’ प्रतिभा म्हणाली.

‘‘आता हे काय?’’

‘‘सर, उद्या पिंपळगावात दसरा नाही का?’’

महेशराव म्हणजे त्याच निफाड तालुक्यात वाढलेला माणूस. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार, फवारणीच्या पंपाला हार, वजनकाट्याला हार, आणि घरात नवीन आलेल्या वस्तूला सगळ्यांत मोठा हार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. नव्या हॉस्पिटलात सगळ्यांत नवी वस्तू हीच असणार होती.

‘‘कुठलं मशीन हाराशिवाय राहील सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘आपण डबा निवडताना सगळं धरलं. व्होल्टेज वरखाली धरलं, लोडशेडिंग धरलं, अर्थिंग तुटलेलं धरलं. दसरा धरला नाही. आपल्याला, इथे बसून, दसरा सुचला नाही.’’

महेशरावांनी घड्याळ पाहिलं आणि बाहेर गेले. वीस मिनिटांनी ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन परतले. प्लगवर घट्ट बसेल असा बरोब्बर कापलेला, फट पूर्ण झाकणारा. ‘‘घ्या. पाणी जाईल का यातून? रबर आहे.’’

प्रतिभाने तो तुकडा घेतला, त्याच्या दोन टोकांना दुसऱ्या मीटरच्या वायरी लावल्या आणि पाचशे व्होल्ट सोडले. मग मीटर महेशरावांकडे फिरवलं.

‘‘यातून वीज जाते, सर. काळ्या रबरात काजळी असते.’’

‘‘मॅडम,’’ महेशराव म्हणाले, ‘‘तुमच्या लग्नात अक्षता मोजून वाटल्या होत्या का?’’

‘‘तांदूळ कोरडे होते ना, म्हणून नाही मोजल्या,’’ मालनबाई मधेच म्हणाल्या.

योग्य झाकण म्हणजे साचा करून ओतलेलं प्लास्टिक. साचा करणाऱ्याचा वसाहतीतलाच कारखाना आज पूजेमुळे बंद, उद्या दसऱ्यामुळे बंद. पावणेपाचला प्रतिभाने कागद पूर्ण केला. डबा मंजूर. मशीन, मागची बाजू कोरडी राहील या अटीवर, मंजूर. खाली सही.

‘‘अट पाळणार कोण?’’ महेशरावांनी विचारलं.

‘‘मी. उद्या सकाळच्या एसटीने जाते.’’

‘‘सणाच्या दिवशी? घरचे काय म्हणतील?’’

घरचे काय म्हणाले ते संध्याकाळी कळलं. सणासाठी ती माहेरी, मखमलाबादला होती. वडील गोटीराम ओसरीवर दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचा झेंडू मोजून टोपल्यांत भरत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘माझ्या झेंडूत करंट?’’

‘‘झेंडूत नाही, अण्णा. पाण्यात.’’

‘‘पाणी गंगापूर धरणाचं. मग पाटबंधारे खात्याला लिही. माझ्या फुलांचं नाव कागदावर घालू नको, बाजारात भाव पडंल.’’

‘‘फुलांचं नाही घातलं. माझं घातलं.’’

गोटीरामांनी भरलेली टोपली बाजूला सरकवली. ‘‘मग बरं केलंस,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या डबा घेऊन जा. जेवणाचा म्हणतोय.’’

पिंपळगावचं हॉस्पिटल हायवेपासून आत दोन गल्ल्या, खाली मेडिकल, वर वीस खाटा. डॉ. वेदिका तिशी ओलांडलेल्या, बोलायला मोकळ्या. प्रतिभाने आल्या आल्या भिंतीतला बोर्ड तपासला. अर्थिंग होतं. किती दिवस राहील यावर तिने मत दिलं नाही. मग मशीनच्या लोखंडी स्टँडला, पुढच्या बाजूला, तिने सोबत आणलेला पितळी हूक बसवला.

‘‘हा कशाला?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘हारासाठी. हार स्टँडला घालायचा, मशीनला नाही.’’

डॉ. वेदिका हसल्या. ‘‘हे मला नका सांगू. आईंना सांगा. येतायत वर.’’

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई, लंकाबाई. सत्तरीच्या, काटक. हॉस्पिटलची जागा त्यांच्या नावावर आणि आवाजही त्यांचाच. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्यावर मनगटाएवढा जाड हार. हारातून जिन्यावर पाण्याची रांग उमटत आली होती.

‘‘ह्येच का ते मशीन?’’

‘‘हो आजी. नमस्कार. एक विनंती होती. हार ह्या हुकाला अडकवाल का?’’

लंकाबाईंनी हूक पाहिला, मग प्रतिभाला पाहिलं. ‘‘दांडीला हार? आन् मशीन तसंच बोडकं? त्यानं काय पाप केलं?’’

‘‘पाप नाही आजी. ओला हार मागे लागला की वीज पत्र्यावर येते. दाखवते तुम्हाला.’’

पेशंट अजून कुणी जोडलेला नव्हता. तिने मीटर लावलं, आकडा दाखवला, अठ्ठावन्न. मग लंकाबाईंच्याच हाराचं टोक प्लगच्या फटीशी टेकवलं. आकडा चढला. दोनशे, चारशे, सहाशे चाळीसवर थांबला.

लंकाबाई आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे चमकले.

‘‘अगं बाई! नुसता हार लावला तं एवढी शक्ती आली? मंग तर पुरा घालू दे की!’’

डॉ. वेदिका खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

‘‘आजी, वाढलेला आकडा वाईट,’’ प्रतिभा म्हणाली.

‘‘वाढल्यालं वाईट? द्राक्षाचा भाव वाढला तं वाईट म्हंतीस का?’’

‘‘तापाचा आकडा वाढला तर काय म्हणता?’’

लंकाबाईंनी ताट टेबलावर ठेवलं.

‘‘ही वाढलेली वीज कुठे जाणार आजी? वायरी पेशंटच्या छातीवर. माणूस बेशुद्ध, ‘लागतंय’ म्हणून सांगूही शकत नाही. अकरा वाजता पहिला पेशंट यायचाय ना?’’

‘‘आमच्या गल्लीतलाच हाय त्यो,’’ लंकाबाई हळू म्हणाल्या. ‘‘कुसाबाईचा मालक.’’ मग त्यांनी हार दोन्ही हातांनी उचलला, मशीनकडे पाहिलं, हुकाकडे पाहिलं. ‘‘पर दांडीला मी घालनार नाय. दांडी जुनी हाय, तिची पूजा कशाला? आन् आनल्याला हार माघारी नेत नसत्यात.’’

एवढं बोलून त्यांनी तो प्रतिभाच्या गळ्यात घातला.

‘‘तूच र्‍हा उभी. मशीनच्या वतीनं.’’

मग त्यांनी तिला कुंकू लावलं, ओवाळलं, हातावर पेढा ठेवला. पुढ्यात मशीन, मागे प्रतिभा, अशी आरती झाली. डॉ. वेदिकांच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो आहे. प्रतिभाने फोटोत हार एका हाताने छातीशी धरून, मशीनपासून बरोबर एक हात अंतर राखलं आहे. तिची साडी कमरेपर्यंत भिजली होती.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कुसाबाईंचे यजमान आले. यायचे होते तपासणीला, पण वाटेतच छातीत कळ आलेली, चेहरा राखेसारखा, पण शुद्धीवर. वायरी लागल्या, हिरवी रेषा उमटली. लंकाबाई दारात उभ्या राहून रेषा बघत होत्या. दुपारी दोनला डॉ. वेदिका म्हणाल्या की धोका टळलेला दिसतो, तेव्हा प्रतिभाने जेवणाचा डबा उघडला.

निघताना लंकाबाई तिला जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

‘‘पोरी, आज तू व्हतीस. लक्ष्मीपूजनाला कोन उभं र्‍हानार? त्या दिवशी तं तिजोरी, वह्या, मशीन, समद्यांला हार लागतो. आन् मी नसले तं नर्सा घालत्यात. त्यांला तुझा आकडा कळतोय व्हय?’’

प्रतिभाने एक कागद लिहून मशीनच्या मागे चिकटवला: ‘या बाजूस हार, कुंकू, पाणी नको.’ लंकाबाईंनी तो मोठ्याने वाचून घेतला. ‘‘देवाला असं ल्हेलेलं आवडत नाय,’’ त्या म्हणाल्या, पण फाडला नाही.

‘‘झेंडू कुठून आणलात आजी?’’ प्रतिभाने सहज विचारलं.

‘‘इथलाच. बारका हाय. तुझ्याकडं चांगला मिळतो व्हय?’’

बोलता बोलता तिने वडिलांचा फोन नंबर दिला.

गुरुवारी सिन्नरला महेशरावांनी सगळं ऐकलं, फोटोचं दोनदा ऐकलं. मालनबाईंनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग महेशराव म्हणाले, ‘‘उद्घाटन झालं, मान्य. पण तुम्ही स्वतः मधे उभ्या होतात. बारा मशीनांमागे मी बारा प्रतिभा कुठून आणू? लक्ष्मीपूजन होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पिंपळगावला जाऊन आकडा घ्या. शंभराच्या आत असेल, तर उरलेल्या अकरांना बंगलोरचा. नाहीतर जास्तीचे पैसे डब्यात कशाला घालायचे? हार तर दोन्हींना सारखाच बुडवणार.’’

‘‘झाकण बसलं तर शंभराच्या आतच येईल.’’

‘‘बसवा की मग.’’

साचा करणाऱ्याने आधी दिवाळीनंतरची तारीख दिली. प्रतिभा तीनदा जाऊन उभी राहिल्यावर ‘बघतो’ म्हणाला. लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरला.

शुक्रवारी संध्याकाळी मखमलाबादला फोन वाजला. तो गोटीरामांनी घेतला. बोलणं बराच वेळ चाललं, बरंचसं पलीकडूनच. प्रतिभा नाशिकला, सासरी होती. तिला ते रात्री आईकडून कळलं. पिंपळगावच्या लंकाबाईंनी लक्ष्मीपूजनासाठी पाच किलो झेंडू सांगितला आहे, सुटा नको, हार करूनच. त्यात एक हार वेगळा हवाय, अडीच हात लांब, मशीनच्या मापाचा.

गोटीरामांनी हो म्हटलं आहे. कोरडा की ओला, ते त्यांनी विचारलं नाही.